घशाचा कर्करोग : गाव, शहर आणि जगण्याची संधी
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे)

मागील अंकात याच सदरात ‘आवाज बसणे’ या तक्रारीबद्दल लिहिले होते आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर घसा आतून तपासून घ्यावा, असे सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांत घशाच्या कर्करोगाविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत. त्यांतील बहुतेकांनी औषधांची चौकशी केलेली नाही. एकाच आजारात एक माणूस वाचतो आणि दुसरा का जातो, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांना दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझे दोन काका. धाकटे नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाले, थोरले आमच्याकडे भामरागड तालुक्यात शेती करत. दोघेही तरुणपणापासून विडी ओढत. सहा वर्षांपूर्वी धाकट्या काकांचा आवाज बसला, महिन्याभरात स्वरयंत्राच्या कर्करोगाचे निदान झाले, रेडिएशन झाले आणि आज ते उत्तम बोलतात. थोरल्या काकांचा आवाज असाच बसला, तेव्हा दीड वर्ष इकडे-तिकडे औषधे चालली. शेवटी दम लागू लागला म्हणून गळ्याला छिद्र पाडावे लागले आणि पुढच्या आठ महिन्यांत ते गेले. गावात सगळे म्हणतात, ज्याचे त्याचे नशीब. आपल्याला काय वाटते? (एक प्राथमिक शिक्षक, जि. गडचिरोली)

उत्तर : गुरुजी, याला नशीब म्हणणे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते थोडे विस्ताराने सांगतो.

स्वरतंतूंवर होणारा कर्करोग हा शरीरातल्या इतर अनेक कर्करोगांपेक्षा लवकर कळणारा आजार आहे. स्वरतंतूंच्या कडेवर अगदी लहान गाठ आली तरी आवाज बदलतो. शिवाय या भागात लसीकावाहिन्या (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या) फार कमी असल्याने आजार मानेतल्या गाठींकडे पसरायला वेळ लागतो. म्हणजे लक्षण लवकर दिसते आणि आजार उशिरा पसरतो. या पहिल्या टप्प्यात रेडिएशनने किंवा लेझर शस्त्रक्रियेने दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात आणि बहुधा आवाजही टिकतो. हीच गाठ वाढून स्वरतंतूची हालचाल थांबली आणि आजार मानेत उतरला, की पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि पुष्कळदा संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्यावाचून मार्ग राहत नाही. आपल्या दोन्ही काकांचा आजार एकाच जागी सुरू झाला असेल, तर त्या दोघांमधला फरक त्या दीड वर्षाचा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ‘घशाचा कर्करोग’ या नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या जागांचे आजार येतात. स्वरयंत्राच्या मागे आणि बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडाशी जो खोलगट भाग असतो, तिथली गाठ बराच काळ काहीच बोलत नाही. आधी घास किंचित अडतो, कधी एका बाजूचा कान दुखतो, आणि अनेकदा मानेत गाठ आल्यावरच रुग्ण दवाखान्यात येतो. तिथे शहरातल्या सुस्थितीतल्या रुग्णांचेही निकाल फारसे चांगले नसतात. थोरल्या काकांची गाठ नेमकी कुठे होती हे पत्रावरून समजत नाही. परंतु सुरुवात आवाजापासून झाली, यावरून ती स्वरयंत्रातच असावी असे मला वाटते, आणि म्हणूनच ते दीड वर्ष मला सलते.

ते दीड वर्ष कोठे गेले असेल? विडी ओढणाऱ्याचा आवाज घोगरा असायचाच, असे घरचे धरून चालतात, त्यात पहिले काही महिने जातात. नंतर जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन आणि गोळ्या मिळतात. थोडी सूज उतरून चार दिवस आवाज सुधारतो आणि सगळ्यांनाच धीर येतो. पुन्हा आवाज बसला की दुसरे डॉक्टर, पुन्हा गोळ्या. या सर्व काळात कोणीही घशाच्या आत पाहिलेले नसते. तोंड उघडून टॉर्च मारली तर टॉन्सिलपर्यंतचाच भाग दिसतो. स्वरतंतू त्याच्या खाली असतात आणि जिभेच्या मुळाआड दडलेले असतात. ते पाहण्याचे सर्वात जुने साधन म्हणजे लांब दांडीचा एक छोटासा गोल आरसा. तो वाफ धरू नये म्हणून स्पिरिटच्या दिव्यावर किंचित गरम करायचा, स्वतःच्या हाताच्या पाठीला लावून चटका बसत नाही ना हे पाहायचे, रुग्णाची जीभ कापडाच्या तुकड्याने धरायची, आरसा पडजिभेपाशी टेकवायचा आणि रुग्णाला ‘ई’ म्हणायला लावायचे. दोन पांढरे तंतू मिटताना दिसतात, आणि त्यांच्यावर काही उगवले असेल तर तेही दिसते. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि खर्च जवळजवळ नसतो. आता नाकातून घालायची लवचीक दुर्बीण आली आहे, तिने अधिक स्पष्ट दिसते. पण ती असो वा आरसा असो, तो वापरणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच असतो आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याचा ठरावीक वार असतो. वार चुकला की आठवडा जातो. भामरागडच्या माणसासाठी जिल्ह्याच्या गावाची एक खेप म्हणजे किमान दोन दिवसांची मजुरी आणि सोबत येणाऱ्याचीही तेवढीच.

गाठ दिसल्यानंतरही वाट संपत नाही. तुकडा काढून तपासावा लागतो, आणि ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ हा गैरसमज इतका खोल रुजलेला आहे की पुष्कळ रुग्ण इथूनच परततात. हे खरे नाही. तुकड्याच्या तपासणीविना कोणताही शहाणा डॉक्टर उपचार सुरू करणार नाही. मग अहवालाची वाट, सीटी स्कॅन, आणि रेडिएशनच्या यंत्रासाठी रांग. दर दहा लाख लोकसंख्येमागे रेडिएशनचे किमान एक यंत्र असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि भारतात जेमतेम त्याच्या निम्मी यंत्रे आहेत. जी आहेत ती मोठ्या शहरांत एकवटलेली. पुण्यातला माणूस घरी जेवून रिक्षाने रेडिएशनला जाऊन येतो. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालते.

हे अंतर केवळ यंत्रे वाढल्यानेच कमी होते असे नाही, आणि याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांमध्ये नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः फिरत, कारण रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते, तर नोंद कोठून होणार? फिरता फिरता ते लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि शंका आली तर तपासणीला यायला सांगत. काही वर्षांतच तिथे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला आणि त्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण सुधारल्याचे आढळले. तो आजार निराळा आहे, हे मान्य. तरीही जो आजार आवाज बदलून स्वतःच खबर देतो, त्याच्या बाबतीत हे याहून सोपे असायला हवे. आपल्या शाळेत येणाऱ्या पालकांना, आशाताईंना आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, जमणाऱ्या माणसांना एवढे जरी सांगितलेत, की तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर गोळी मागू नका, ‘घशात आतून बघा’ असे मागा, तर ते मोठे काम होईल.

प्रश्न : माझी आई बावन्न वर्षांची आहे. तिने विडी कधीच ओढली नाही, मिश्री मात्र लहानपणापासून लावते. दोन वर्षे तिला घास अडकल्यासारखे वाटत होते. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, नंतर एकांनी ‘मनाचे आहे’ असे सांगितले. आता घशाच्या खालच्या भागाचा कर्करोग निघाला आहे. बायकांना हा आजार होत नाही असे सगळे म्हणत होते. आमचे काय चुकले? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकलेले नाही. आईने तक्रार सांगितली होती. ती ऐकून घेण्यात कसूर झाली.

घशाचा कर्करोग पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो हे खरे आहे. पण स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडाशी होणारा एक प्रकार स्त्रियांत विशेषकरून दिसतो, आणि वर्षानुवर्षे अंगात लोह कमी असण्याशी त्याचा संबंध फार पूर्वीपासून माहीत आहे. दीर्घकाळच्या रक्तक्षयाने तिथले अस्तर पातळ होते, कधी एक पडदा तयार होतो आणि घास अडू लागतो. अशा स्त्रियांना पुढे कर्करोगाचा धोका असतो. त्यात तंबाखूची भर पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के आहेत, असे आढळले होते. मिश्री त्या पहिल्या गटात येते. ती लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही, आणि डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ असे विचारले तर ती मनापासून ‘नाही’ म्हणते. प्रश्न ‘मिश्री लावता का?’ असाच विचारला गेला पाहिजे.

ज्या स्त्रीला आधी घट्ट, मग मऊ घासही अडू लागतो, जिचे वजन उतरते आहे आणि जिच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, तिला ‘मनाचे आहे’ असे सांगण्यापूर्वी दुर्बिणीने अन्ननलिकेचे तोंड पाहणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. घरातली कर्ती बाई सर्वांचे झाल्यावर जेवते. ती भाकरी चहात बुडवून खाते की पातळ आमटीवरच भागवते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तपासणीला नेणारे कोणी मोकळे असेल तेव्हाच तिची पाळी येते. या आजारात स्त्रिया उशिरा पोहोचतात त्याची मुळे इथेही आहेत.

आता पुढचे. आईचे हिमोग्लोबिन सुधारण्याचे उपाय ताबडतोब सुरू करायला सांगा, कारण रक्त कमी असेल तर रेडिएशनचा परिणामही कमी होतो. उपचार ठरवताना शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी या तिन्ही शाखांचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात अशाच ठिकाणी जा. मिश्री आजच थांबवा. आता काय उपयोग, असे समजू नका. उपचारांदरम्यान तंबाखू चालू ठेवणाऱ्यांचे निकाल वाईट येतात.

प्रश्न : वडिलांना ३५ दिवसांचे रेडिएशन सांगितले आहे, त्यांपैकी १९ झाले. तोंड आतून सोलल्यासारखे झाले आहे, काही खाता येत नाही. ते म्हणतात, आवाज मोकळा झाला, गाठही उतरली, आता बाकीचे दिवाळीनंतर बघू. आई-वडिलांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली आहे आणि कारखाना सुरू व्हायची वेळ आली आहे. योजनेत उपचार मोफत आहेत, तरीही रोजचा खर्च परवडत नाही. थोडा खंड पडला तर चालेल का? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : चालणार नाही. आपल्या पत्राचे उत्तर अंक निघेपर्यंत थांबवणे योग्य नव्हते, म्हणून ते पत्राने आधीच पाठवले होते. इतरांसाठी इथे देत आहे.

रेडिएशनच्या मध्यावर गाठ दिसेनाशी होते, पण पेशी संपलेल्या नसतात. साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी आधीपेक्षा अधिक वेगाने वाढू लागतात, आणि म्हणूनच १९ दिवसांनंतर थांबणे हे थांबण्याचे सर्वात वाईट वेळापत्रक आहे. जुन्या उपचारांच्या अभ्यासांतून असे दिसते, की रेडिएशन एक आठवडा लांबले तर त्या जागचा आजार आटोक्यात येण्याची शक्यता सरासरी १४ टक्क्यांनी घटते. दिवाळीनंतर राहिलेले सोळा दिवस पूर्ण केले म्हणजे हिशेब जुळला, असे होत नाही. दोन-तीन दिवस चुकले असतील तर आजच रेडिएशन विभागात सांगा. सुटीच्या दिवशी जादा मात्रा देऊन किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन मात्रा देऊन तो खंड भरून काढता येतो. लाजून किंवा रागावतील म्हणून लपवू नका.

खाण्याचे. उपचार सुरू होताना चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवून घेतात, तो डोके रोज एकाच स्थितीत राहावे म्हणून. वजन उतरले की तोच मुखवटा सैल होतो, मान आत हलते आणि किरण जिथे पडायला हवेत तिथे पडत नाहीत. म्हणजे उपासमार ही नुसती अशक्तपणाची बाब राहत नाही, उपचाराचाच नेम चुकतो. नाकातून नळी घालण्याचा सल्ला दिला असेल तर ती घालू द्या. नळी म्हणजे शेवट आला, असे गावाकडे समजतात. प्रत्यक्षात ती काही आठवड्यांसाठी असते आणि गिळणे सुधारले की काढतात. नळीतून दूध, गाळलेली वरण-भाताची पेज, नाचणीची आंबील, कच्चे नव्हे तर उकडून दुधात घोटलेले अंडे, असे दर दोन तासांनी द्यावे. धर्मशाळेत चहा-बिस्किटांवर दिवस काढणारा रुग्ण आणि घरचे मऊ जेवण मिळणारा रुग्ण यांना औषध तेच मिळते, पण निकाल वेगळा लागतो.

पैशांचे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेमुळे कर्करोगाचे उपचार हजारो कुटुंबांच्या आवाक्यात आले, हे मोठे काम झाले आहे. तरीही निदान पक्के होईपर्यंतच्या तपासण्या, राहणे, जेवण, प्रवास आणि बुडालेली मजुरी हा भार बहुतेक घरावरच राहतो, आणि रुग्ण उपचार अर्धवट सोडतात ते याच भाराखाली. रुग्णालयातील आरोग्यमित्राला आणि समाजसेवा अधीक्षकांना स्पष्ट सांगा की राहण्या-जेवणाची सोय नाही म्हणून उपचार सुटण्याची वेळ आली आहे. मोठ्या शहरांत कर्करोगाच्या रुग्णांसाठी धर्मशाळा आहेत, मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना ठाऊक असेल. उपचारांसाठीच्या प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत आणि एसटीतही सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

आणि उचलीचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, त्यामुळे वडील थांबले की आईचीही मजुरी थांबते आणि उचल अंगावर राहते, ही अडचण मला समजते. मुकादमाला डॉक्टरांचे पत्र दाखवा, सरपंचांना मध्ये घ्या, मुदत मागा. उरलेल्या सोळा दिवसांचा प्रश्न आहे. ऊसतोड कामगारांच्या आजारपणात मजुरीची भरपाई देणारी व्यवस्था उपचारांच्या योजनेइतकीच आवश्यक आहे असे माझे मत आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा मांडत राहीन.

प्रश्न : अमेरिकेत घशाच्या कर्करोगाचे रुग्ण भारतापेक्षा कितीतरी अधिक जगतात असे वाचले. भावाला इकडे बोलावून घ्यावे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आकड्यांची तुलना जपून करावी. अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्ही या विषाणूमुळे होतात, आणि विषाणूमुळे झालेला हा आजार उपचारांना फार चांगला प्रतिसाद देतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्ही असलेल्या रुग्णांपैकी ८२ टक्के हयात होते, नसलेल्यांपैकी ५७ टक्के. आपल्याकडे तंबाखू आणि दारूमुळे होणारा आजारच अधिक आहे, म्हणून दोन देशांच्या सरसकट आकड्यांत दोन वेगळे आजार मोजले जातात. शिवाय त्या देशातही कृष्णवर्णीय आणि विमा नसलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असल्याचे सातत्याने आढळले आहे.

भावाचा आजार पहिल्या टप्प्यात असेल तर महाराष्ट्रातील चांगल्या केंद्रात तोच उपचार होतो. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात, म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, देशभरातील केंद्रे २०१२ पासून समान उपचारपद्धती ठरवण्यासाठी एकत्र आलेली आहेत. आजार बराच पुढे गेला असेल, तरी इथे स्वस्त उपचारांवर मोलाचे काम झाले आहे. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या केमोथेरपीला जोडून दिले, तेव्हा वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. भावाला बोलावून घेण्यात जे आठवडे जातील त्यांची किंमत अधिक आहे. आपण पाठवणार असलेले पैसे त्याच्या राहण्याला आणि सोबतीला द्यावेत.

प्रश्न : वडिलांचे स्वरयंत्र काढले आहे. बोलण्यासाठी झडप बसवायची तर ती परदेशी, महाग आणि वारंवार बदलावी लागते असे कळले. गावात राहणाऱ्याने काय करावे? (एक वाचक, जि. कोल्हापूर)

उत्तर : श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची परदेशी झडप अनेक हजार रुपयांना पडते आणि काही महिन्यांनी ते वर्षाने बदलावी लागते, हे खरे आहे. बंगळुरूचे शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत मिळू शकेल अशी ‘ऑम’ ही झडप तयार केली; तशी स्वस्त झडप आपल्या रुग्णालयात बसवतात का, हे आधी विचारा. बदलण्यासाठी येणे-जाणे शक्यच नसेल तर अन्ननलिकेतून हवा सोडून बोलण्याचे शिक्षण वाणीतज्ज्ञ देतात. त्याला वेळ लागतो, पण पुढे खर्च नसतो. गळ्याला लावून बोलायचे बॅटरीवरचे यंत्र हा तिसरा पर्याय. झडप बसवली आणि पाणी पिताना ठसका येऊ लागला तर ती गळते आहे असे समजून आठवड्याच्या आत रुग्णालयात जा, तोवर पेये घट्ट करून द्या. गळ्याच्या छिद्रावर पातळ ओलसर कापड असावे, शेतात धूळ असेल तेव्हा तर नक्कीच. विहिरीत किंवा नदीत पोहायला उतरणे मात्र कायमचे बंद, कारण पाणी त्या छिद्रातून थेट फुफ्फुसात जाते.